कित्ता, परिपत्रक आणि पडदा : कर्मचारी-प्रशिक्षणाच्या मराठी गद्याचा विचार

कर्मचाऱ्याला काम शिकविण्याकरिता जे गद्य लिहिले जाते त्याच्याकडे वाङ्मयसमीक्षेचे लक्ष सहसा जात नाही. ते ललित नव्हे आणि शास्त्रीयही नव्हे; त्याचा कर्ता बहुधा निनावी असतो आणि त्याचा वाचक आज्ञेने वाचणारा असतो. तथापि मराठी भाषकांचा एक फार मोठा वर्ग आज ज्या गद्याशी पोटापाण्यासाठी बांधला गेला आहे ते हेच गद्य होय. शिक्षक, अंगणवाडी सेविका, तलाठी, ग्रामसेवक यांना गेल्या काही वर्षांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून जे धडे देण्यात आले त्यांचा विचार प्रशासनाच्या अंगाने होतो, शिक्षणशास्त्राच्या अंगाने होतो. गद्य म्हणून मात्र तो क्वचितच होतो. वस्तुतः या धड्यांचे यशापयश यंत्रावर जितके अवलंबून आहे त्याहून अधिक ते त्यांतील वाक्यावर अवलंबून आहे. ते वाक्य कोणाला उद्देशून आहे, त्या माणसाला आधीपासून काय येते याची त्या वाक्याला काही जाणीव आहे की नाही, आणि नियम जेथे अपुरा पडतो तेथे ते वाक्य त्या माणसाला एकटे सोडून देते की काय, हे प्रश्न भाषेचेच आहेत.

या विचारासाठी पाथरीचा आधार घेण्यास कारण आहे. परभणी जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव जानेवारी २०२० मध्ये साईबाबांच्या जन्मस्थानाच्या वादामुळे वृत्तपत्रांत गाजले, पण त्याची प्राचीन कीर्ती वेगळ्याच कारणाची आहे. फिरिश्त्याने दिलेल्या वृत्तांतानुसार अहमदनगरच्या निजामशाहीच्या संस्थापकांचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. ते वडिलार्जित वतन आपल्या राज्यात असावे या हेतूने बुऱ्हाण निजामशाहाने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडच्या इमादशाहीशी वैर धरले आणि पाथरी घेतली. पुढे अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे हे मुख्य ठिकाण होते. राजाने एका कुलकर्णपणासाठी लढाई करावी ही घटना इतिहासकाराला चमत्कारिक वाटेल. प्रशिक्षणाच्या अभ्यासकाला ती तशी वाटू नये. कुलकर्णपण हा नुसता हक्क नव्हता. गावची जमीन कोणाची, कोणत्या शेताचा धारा किती, कोणत्या साली काय सूट दिली होती, याचे सर्व ज्ञान त्या दप्तरात होते. ते दप्तर वाचण्याची आणि लिहिण्याची विद्या शाळेत मिळत नसे, घरात मिळत असे.

ती कशी मिळे हे सांगणारे शब्द मराठीत अद्याप जिवंत आहेत. मुलगा प्रथम कित्ता गिरवी. मोडीला वळण लागे. चिटणिसी आणि बिवलकरी ही त्या वळणांची नावे आजही मोडीच्या अभ्यासकांच्या तोंडी आहेत. मग तो वडिलांच्या वा एखाद्या कारकुनाच्या शेजारी बसून उमेदवारी करी. 'उमेदवार' म्हणजे आज निवडणुकीला उभा राहणारा; त्या काळी मात्र कचेरीत वेतनावाचून बसून, नकला करीत, पाहत, चुकत काम शिकणारा. या शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला हा स्वतंत्र शोधनिबंधाचा विषय आहे. येथे एवढेच लक्षात घ्यावयाचे की या पद्धतीत पाठ आणि प्रसंग हे वेगळे नव्हते. उमेदवार जी नक्कल करी ती कोणत्या तरी खऱ्या पत्राची असे, आणि ती चुकली तर त्याचा परिणाम कोणाच्या तरी खऱ्या जमिनीवर होई.

या पद्धतीला ग्रंथाचा आधारही होता. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाशी जोडले गेलेले मेस्तक हे या प्रकारच्या लेखनाचे जुने उदाहरण मानले जाते. कोणाला कोणत्या मायन्याने लिहावे, हिशेब कसा मांडावा, कोणत्या अधिकाऱ्याने काय पाहावे, अशा गोष्टी त्याच्या परंपरेत येतात. मेस्तकाचे वाङ्मयीन मूल्य फारसे नाही, हे मान्य करावयास हरकत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची गोष्ट निराळी. त्याचा ऐतिहासिक आणि राजनैतिक अभ्यास पुष्कळ झाला आहे. पण कामाची शिकवण देणारे गद्य म्हणून ते वाचले तर एक विशेष नजरेत भरतो. आरमारासाठी लाकूड तोडण्याच्या संदर्भातील त्यातील सुप्रसिद्ध सूचना पाहावी. आंबा आणि फणस यांची झाडे आरमाराच्या उपयोगाची, पण त्यांना हात लावू नये, असा नियम प्रथम येतो. लगेच त्याचे कारण येते : ही झाडे वर्षा दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहणार नाही. आणि त्यानंतर अपवाद येतो : एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन ते न्यावे. नियम, त्याचे कारण आणि त्याचा अपवाद ही तिन्ही एका दमात सांगितली जातात. जो अंमलदार हे वाचतो त्याला आंब्याविषयी आज्ञा तर मिळतेच; पण उद्या चिंचेचा प्रश्न निघाला तर काय करावयाचे याचा विचारही त्याला त्यातच मिळतो. प्रशिक्षणाच्या गद्याची हीच कसोटी मानावयास हवी, आणि पुढील विवेचनात ती वापरली आहे.

जुन्या पद्धतीचे हे वर्णन वाचून कोणाला हळहळ वाटण्याचा संभव आहे. ती अस्थानी होय. उमेदवारीचे दार कोणाला उघडे होते हा प्रश्न विचारला की या पद्धतीची दुसरी बाजू दिसते. कुलकर्ण्याच्या मुलाला जे ज्ञान ओसरीवर बसून आपोआप मिळे ते महाराच्या मुलाला कोणत्याही मोलाने मिळत नव्हते, आणि मुलीला, ती कोणत्याही घरची असो, मिळत नव्हते. वतनदारीचा पायाच असा होता की ज्ञान दप्तरात बांधून ठेवावयाचे. सार्वजनिक, लिखित, सर्वांना समान असा प्रशिक्षणपाठ ही कल्पनाच या बंदिस्तपणाविरुद्ध आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावातील स्त्रीला, मग ती कोणत्याही जातीची असो, गावाच्या आरोग्याची नोंद ठेवण्याचे काम मिळाले. कुलकर्ण्याच्या दप्तरात गावातील जमीन होती. अंगणवाडीच्या नोंदवहीत गावातील मूल आले. पाथरीसारख्या गावाच्या दीर्घ इतिहासात हा बदल निजामशाहीच्या लढाईपेक्षा लहान ठरविता येणार नाही.

मराठवाड्यातील कर्मचाऱ्याच्या बाबतीत भाषेचा एक वेगळाच तिढा होता. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पर्वात फारसीच्या जागी उर्दू ही दप्तराची भाषा झाली. गावचा पटवारी मोडीत लिही, तहसिलीत मिसल उर्दूत चाले, आणि शेतकरी मराठीत बोले. कारकून होणे म्हणजे प्रथम भाषांतरकार होणे, अशी ती स्थिती होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले आणि १९६४ च्या अधिनियमाने मराठी ही राजभाषा झाली. लोकांची भाषा आणि कचेरीची भाषा एक झाली असे यावर म्हणता येईल; पण प्रत्यक्षात जी मराठी कचेरीत आली ती इंग्रजी मसुद्याच्या साच्यात ओतलेली होती. 'करण्यात यावे', 'कळविण्यात येत आहे', 'दक्षता घेण्यात यावी' ही तिची ठेवणीची क्रियापदे. जुन्या पत्रातील 'येणेप्रमाणे वर्तणूक करणे' हे शब्दही आज्ञेचेच होते, पण ती आज्ञा नाव घेऊन एका माणसाला केलेली असे. 'बालकांची वजने नियमित घेण्यात यावीत' या वाक्यात वजने कोणी घ्यावयाची हेच नाही. परिपत्रकात हा दोष एक वेळ चालून जाईल, कारण परिपत्रक जबाबदारी वाटण्यासाठी लिहिले जाते आणि कधी कधी ती टाळण्यासाठीही. परंतु धड्याच्या गद्यात कर्ताच नाहीसा झाला तर शिकणार कोण?

पडद्यावरच्या धड्याला वारसा मिळाला तो या परिपत्रकाचा. त्याचा बाह्य इतिहास थोडक्यात सांगता येतो. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले आणि नोकरी करणाऱ्या माणसाने घरी बसून शिकावे ही कल्पना मराठीत रुळली. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ निघाले. त्याच्या संगणक-साक्षरतेच्या अभ्यासक्रमाने शासकीय नोकरी इच्छिणाऱ्या लक्षावधी तरुणांना प्रथमच संगणकासमोर बसविले. 'दीक्षा' हे शिक्षकांसाठीचे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये सुमारे ४२ लक्ष शिक्षकांना समोरासमोर प्रशिक्षण देण्याच्या उद्देशाने 'निष्ठा' हा उपक्रम निघाला, आणि महासाथीमुळे ऑक्टोबर २०२० पासून तो १८ अभ्यासक्रमांच्या रूपाने 'दीक्षा'वर गेला. त्याच्या अगदी आधी, २ सप्टेंबर २०२० रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने 'मिशन कर्मयोगी' मंजूर केले होते. नियमाधिष्ठित कारभाराकडून भूमिकाधिष्ठित कारभाराकडे जाणे हे त्याचे घोषित सूत्र आहे. सूत्र चांगले आहे. धड्याचे गद्य त्या सूत्राला जागते का हे मात्र पाहावयास हवे.

अशा धड्यांचा आरंभ बहुधा एका ठराविक वाक्याने होतो. 'या घटकाच्या अखेरीस आपण अमुक करण्यास सक्षम व्हाल' अशी त्याची धाटणी असते. वाक्य निर्दोष आहे, पण ते मराठी नाही. मराठीत माणूस एखादे काम करण्यास सक्षम होत नाही. त्याला ते काम येते. 'तिला पोहता येते', 'त्याला मोडी येते', 'हिला मुलाचे वजन घेता येते'. या 'येणे' क्रियापदात शिकण्याविषयीचे एक संपूर्ण मत दडलेले आहे. कौशल्य कर्त्याकडे चालून येते, आणि ते आल्याशिवाय आले असे म्हणता येत नाही. त्याच्या शेजारी 'ठाऊक असणे' आहे, आणि या दोहोंमधील भेद कोणत्याही शेतकऱ्याला स्पष्ट असतो : पोहावयाचे कसे हे ठाऊक असून बुडणारे पुष्कळ असतात. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या भेदाचे सविस्तर विवेचन गिल्बर्ट राइल याने १९४९ मध्ये केले. मराठीत तो दोन क्रियापदांनी रोज केला जातो. 'सक्षम व्हाल' या शब्दांनी तो पुसला जातो. 'सक्षम' हे विशेषण माणसाला प्रमाणपत्रासारखे वरून चिकटविता येते. 'येते' हे क्रियापद तसे चिकटविता येत नाही. 'क्षमता-बांधणी', 'अध्ययन-निष्पत्ती' हे शब्द त्याच कुळातले. शब्द संस्कृत आहेत म्हणून ते वाईट नव्हेत, हे स्पष्ट केले पाहिजे. या नियतकालिकाची भाषाही संस्कृतप्रचुरच आहे. त्यांचा दोष असा की ते शिकणाऱ्याच्या बाजूने काहीच सांगत नाहीत. ते शिकविणाऱ्या यंत्रणेला आपला हिशेब पुरा करण्यासाठी हवे असतात.

हा हिशेब कसा पुरा होतो हे धड्याच्या अखेरीस कळते. तेथे बहुपर्यायी प्रश्न असतात. 'निष्ठा'च्या पुढील आवृत्तींत सत्तर टक्के गुण मिळाले की प्रमाणपत्र, आणि त्यासाठी तीन प्रयत्न, अशी व्यवस्था होती. येथे एक विसरली गेलेली गोष्ट आठवते. शिकविणारे यंत्र ही कल्पना काही आजची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर याने १९५८ मध्ये या विषयावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यात त्याचा आग्रह असा होता की शिकणाऱ्याने उत्तर स्वतः रचले पाहिजे. चार पर्यायांतून एक निवडू दिले तर तो उत्तर ओळखावयास शिकतो, द्यावयास शिकत नाही, आणि शिवाय तीन चुकीची विधाने आपण होऊन त्याच्यासमोर ठेवली जातात. त्याचा समकालीन क्राउडर याने पर्याय ठेवले, पण चुकीचा पर्याय निवडणाऱ्याला तो निराळ्या पानावर नेई आणि ते उत्तर का चुकले हे तेथे समजावून सांगे. स्किनरचे एकूण मानसशास्त्र आज फारसे कोणी मानीत नाही. तरीही साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या त्या ओबडधोबड यंत्रांत चुकीचा जितका विचार होता तितका आजच्या गुळगुळीत पडद्यावर पुष्कळदा आढळत नाही. उत्तर चुकले की 'पुन्हा प्रयत्न करा', एवढेच. चूक हा शिकण्याचा कच्चा माल आहे याचे भान उमेदवाराला शेजारी बसविणाऱ्या कारकुनाला होते. ते येथे सुटले आहे.

असे असले तरी शासनाच्या सर्वच प्रशिक्षणाला हा दोष लावणे अन्यायाचे होईल. ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानात अंगणवाडी सेविकांसाठी जी पद्धती स्वीकारण्यात आली ती या दृष्टीने लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'आयएलए' या नावाने ओळखली जाते. थोडेथोडे शिकत जाणे असा तिचा भाव. एकूण २१ पाठ. एका वेळी एकच विषय : गृहभेटींचे नियोजन, नवजात बालकाच्या स्तनपानाचे निरीक्षण, अशक्त जन्मलेल्या बाळाची ओळख व काळजी, वरचा आहार, स्त्रियांतील रक्तक्षय. तो विषय पर्यवेक्षिका आपल्या बीटमधील सेविकांच्या मासिक बैठकीत मांडते. पुढील काही आठवडे सेविका तोच विषय डोक्यात ठेवून घरोघर जाते. पुढच्या बैठकीत नवा पाठ लगेच सुरू होत नाही. मागील पाठाचे काय झाले, काय करता आले, कोठे अडले, याची चर्चा आधी होते.

या रचनेचे गुण डामडौलाचे नाहीत, म्हणूनच ते सहज नजरेआड होतात. पहिला गुण असा की धडा आणि काम यांच्यात एका महिन्याचे अंतर मुद्दाम ठेवले आहे, आणि ते अंतर रिकामे नाही. त्यात शिकणे घडते. दुसरे म्हणजे, येथे 'निरीक्षण' हा शब्द खऱ्या अर्थाने वापरला आहे. बाळ अंगावर नीट पीत आहे की नाही हे विचारून कळत नाही, शेजारी बसून पाहावे लागते. बाळंतिणीच्या खोलीत बसून पाहण्याचा अधिकार सेविकेला पदामुळे मिळत नाही. ती त्या गावची 'ताई' असते म्हणून मिळतो. धड्याला हे ठाऊक आहे. सेविकेला जे आधीपासून येते, म्हणजे गावातील माणसांशी बोलणे, त्यावर तो नवे ज्ञान चढवितो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा गुण : बैठकीत एकीची अडचण दुसरीच्या उपयोगी पडते. अमुक घरातली सासू बाळाला आधी मधच चाटविते, तेथे कसे बोलावे, याचे उत्तर पुस्तिकेत असो वा नसो, पंचवीस सेविकांपैकी एकीकडे ते असतेच. आज्ञापत्रातील नियम, कारण आणि अपवाद या त्रयीपैकी पहिली दोन पुस्तिका देते. तिसरी बैठक देते. अर्थात हे सर्व पद्धती आखल्याप्रमाणे चालली तर. राज्य, जिल्हा, तालुका, बीट अशा पायऱ्यांवरून उतरत येणाऱ्या कोणत्याही प्रशिक्षणात प्रत्येक पायरीवर काही सांडते, आणि शेवटच्या पायरीवर पुष्कळदा फक्त वाचन उरते.

हेच पाठ पुढे पडद्यावरही आणण्यात आले. आशय तोच, चित्रे अधिक चांगली. सवडीने पाहता येतात, पुन्हा पाहता येतात. हा लाभ खोटा नव्हे. ज्या सेविकेची बैठक चुकली तिला पूर्वी तो पाठ कायमचा चुकत असे. पण पडद्यावर जे आले ते पुस्तिकेचे अंग होते. बैठकीचे अंग आले नाही. मागील महिन्यात काय अडले, हे विचारणारे कोणी पडद्यात नाही. परिणामी मूळ रचनेतील एक वर्तुळ तुटले आणि एक रेषा उरली : पाहा, पुढे जा, प्रश्न सोडवा, प्रमाणपत्र घ्या. यंत्राची मर्यादा म्हणून ही गोष्ट सोडून देता येत नाही. मागील पाठ कसा वापरला हे दोन वाक्यांत सांगा, असे विचारून ते उत्तर त्याच बीटमधील इतर सेविकांना आणि पर्यवेक्षिकेला दाखविणे यंत्राला मुळीच अवघड नाही. ते केले गेले नाही याचे कारण असे दिसते की धड्याच्या आखणीत सेविका ही ऐकणारी म्हणून धरली आहे, सांगणारी म्हणून नाही.

या गृहीतकाची किंमत २०२१ मध्ये दिसून आली. त्या वर्षी मार्चमध्ये 'पोषण ट्रॅकर' ही नोंदणीची व्यवस्था सुरू झाली. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले भ्रमणध्वनी परत करण्याचे आंदोलन केले. संच जुने व निकृष्ट होते, त्यांची साठवणक्षमता अपुरी होती, दुरुस्तीचा भुर्दंड पडत होता. आणि ट्रॅकरची भाषा इंग्रजी होती. पुढे तो मराठीसह इतर भाषांतही उपलब्ध झाला. या आंदोलनाकडे तंत्रज्ञानाला विरोध म्हणून पाहणारे काही होते. तो विरोध नव्हता. ज्या बायकांनी अनेक वर्षे जाडजूड नोंदवह्या स्वतःच्या अक्षरात भरल्या त्यांना आपण काय नोंदवितो हे वाचता येत नव्हते, आणि तसे नोंदविण्यास त्या तयार नव्हत्या. हैदराबादी अमलातील मराठी कारकुनाला उर्दू शिकावी लागली, पण शिकल्यावर तो ती वाचू शकत होता आणि तिच्यात आपले म्हणणे मांडूही शकत होता. येथे इंग्रजी शिकविण्याची तरतूद नव्हती. केवळ कोठे बोट ठेवावयाचे हे शिकविले जाणार होते. यास प्रशिक्षण म्हणावे काय, हा प्रश्न सेविकांनी कोणत्याही परिभाषेवाचून विचारला.

येथे 'कर्मचारी-विकास' या शब्दाचीही थोडी झडती घेणे प्राप्त आहे. अंगणवाडी सेविकेला वेतन नव्हे, मानधन मिळते. तिला उपदानाचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये निर्णय देऊन सांगावे लागले. जिला पूर्ण अर्थाने कर्मचारी म्हणावयास व्यवस्था कचरते तिच्याकडून कर्मचाऱ्याच्या क्षमतांची अपेक्षा मात्र धड्यागणिक वाढत जाते. धडा घरी, रात्री, स्वयंपाकपाणी उरकल्यावर पाहिला जाणार हे आखणी करणाऱ्याने न बोलता गृहीत धरलेले असते. त्या वेळेचा मोबदला कोणत्याच हिशेबात नसतो.

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. लक्षावधी कर्मचाऱ्यांना एकाच दर्जाचा पाठ थोड्या काळात पोचवावयाचा तर पडद्यावाचून उपाय नाही. बैठक, चर्चा, शेजारी बसणे या गोष्टी चांगल्या असल्या तरी त्या चांगल्या पर्यवेक्षिकेवर अवलंबून, आणि चांगली पर्यवेक्षिका पाथरीच्या वाट्याला येईलच असे नाही. पाठ एकच असला तर निदान अन्याय तरी सारखा होतो. याला उत्तर महाराष्ट्राच्याच अनुभवात आहे. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयाने शिक्षकांवर वरून प्रशिक्षण लादण्याऐवजी त्यांच्या मागणीप्रमाणे ते देण्याचे धोरण स्वीकारले. त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या शाळा पाहण्यासाठी राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. ते तेथे व्याख्यान ऐकावयास गेले नव्हते; आपल्यासारखीच शाळा, आपल्यासारखीच मुले आणि आपल्यासारखाच शिक्षक असताना तेथे काय निराळे घडते ते पाहावयास गेले होते. परतल्यावर त्यांनी फरशीवर आखलेल्या आकृत्यांची हुबेहूब नक्कलही पुष्कळ केली, आणि त्या नकलेची थट्टाही झाली. पण कित्ता आधी गिरवावाच लागतो. या साऱ्या हालचालीत भ्रमणध्वनीचा वापर भरपूर होता. छायाचित्रे, चित्रफिती, शंका यांची देवघेव शिक्षक आपसांत करीत होते. 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द त्याच काळात रूढ झाला. तेव्हा विरोध पडदा आणि माणूस यांचा नाही. एका पडद्यावर कर्मचारी दुसऱ्या कर्मचाऱ्याचे काम पाहतो, दुसऱ्यावर तो आपल्याविषयीचा आदेश पाहतो. फरक आहे तो येथे. शिवाय सर्वत्र एकच पाठ असणे म्हणजे समता, हेही तपासून घ्यावयास हवे.

पाथरी तालुक्यापुरते बोलावयाचे तर त्याची तपासणी ऊस करतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले, गोदावरीवर ढालेगावचा बंधारा झाला, आणि ऊस वाढला. परभणी जिल्ह्यातील कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे कोयत्यावर जातात, आणि बागायती गावांत बाहेरून ऊसतोड्यांच्या टोळ्या येऊन उतरतात. गाव दोन्ही बाजूंनी हलते. कार्तिकात ज्या मुलाचे वजन घेतले ते फाल्गुनापर्यंत दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या राज्यात, फडाच्या कडेला असते. आणि त्याच काळात भलत्याच गावचे एक मूल अंगणवाडीच्या दाराशी येऊन उभे राहते. त्याची बोली निराळी असते. घरात गोरमाटी बोलणारे असेल, वा पाथरी शहरातल्या मोहल्ल्यासारखे दखनी बोलणारे. त्याच्या आईला हे ठाऊक नसते की येथेही त्याला आहार मिळण्याचा हक्क आहे. नोंदणीच्या व्यवस्थेत स्थलांतराची सोय आहे. पण सोय कोठे आहे हे ठाऊक असणे निराळे, आणि दिवस उजाडण्यापूर्वी फडावर जाणाऱ्या व अंधार पडल्यावर परतणाऱ्या आईची गाठ केव्हा घ्यावी, मुलाचे जन्मवर्ष तिला सांगता आले नाही तर वय कसे ठरवावे, आधीची नोंद मिळेपर्यंत त्याला कोणत्या रकान्यात धरावे, दंडघेर मोजून तातडीने पुढे पाठवावे की आठवडाभर थांबावे, हे ठरविता येणे निराळे.

या प्रश्नांची उत्तरे पुण्यात वा दिल्लीत बसून लिहिता येणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नाही. ती पाथरी, मानवत, सोनपेठ या भागांतील सेविकांना निदान काही प्रमाणात येत असली पाहिजेत, कारण हा प्रसंग त्यांच्यावर दर हंगामात येतो. ती कोणत्या शब्दांत येतात, त्या एकमेकींना ती कशी सांगतात, 'स्थलांतरित लाभार्थी' या शब्दाऐवजी बैठकीत त्या कोणता शब्द वापरतात, याची नोंद करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. मेस्तकाच्या प्रती शोधण्यासाठी जितके श्रम झाले त्याच्या काही अंशाने तरी या बोलण्याचे संकलन झाले, तर ऊसतोडीच्या मुलाविषयीचा पाठ गाळप हंगाम सुरू होण्यापूर्वी, आश्विनातच, त्या बीटच्या हाती देता येईल. आणि त्यातील पहिला प्रश्न चार पर्यायांचा नसेल.